बदला

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी वहीत. सात वर्षं संगणकावर लिहीत होतो, पण गेल्या चार दिवसांच्या नोंदी तिथे दिसत नाहीत. बहुधा मी लिहिल्याच नसाव्यात. शिवाय शाईच्या पेनाने हस्ताक्षर सुधारतं.

घरचा संगणक हल्ली मध्येच थिजतो. त्यातली एसएसडी, म्हणजे सगळं जिच्यात साठतं ती डिस्क, मी स्वतः तपासली. एक प्रोग्राम आहे, तो डिस्कची तब्येत सांगतो. ९४ टक्के! माझी स्वतःची एवढी नाही.

बायकोचा शेवाळावरचा पीएचडीचा प्रबंध याच डिस्कवर आहे. सहा वर्षांचं काम, एकवीस तारखेला सादर करायचंय. डिस्क बदलू या का, असं तिने विचारलं. म्हटलं, माझ्यावर सोपव. एकोणीस वर्षं ऑफिसची रेकॉर्ड रूम सांभाळतोय. आजवर एक कागद हरवलेला नाही. दोन हरवले, पण ते सापडतील.

४ तारीख, मंगळवार. संध्याकाळी
बायको म्हणते, काल सहाव्या प्रकरणात केलेल्या दुरुस्त्या आज गायब. सेव्ह करायला विसरली असशील, मी शांतपणे समजावलं. ती म्हणाली, केलं होतं. मी म्हणालो, केल्यासारखं वाटतं माणसाला, पण तू काळजी करू नकोस. यावर ती पुन्हा संगणकासमोर जाऊन बसली. पटलेलं दिसतं.

५ तारीख, बुधवार
बायकोला सेव्ह कसं करायचं ते शिकवलं. ती कॉलेजात पंधरा वर्षं शिकवते, त्यामुळे शिकून घ्यायची सवय सुटली आहे. ‘सेव्ह केलंस का?’ अशी चिठ्ठी स्क्रीनच्या वर चिकटवली. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या चिठ्ठी वाचून आत गेल्या आणि आतून हसण्याचा आवाज आला. त्यांना संगणकातलं काही कळत नाही.

६ तारीख, गुरुवार
बायकोने परस्पर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चष्मा कपाळावर, स्क्रू तोंडात. त्याने एक फाइल लिहिली, सेव्ह केली, संगणक बंद करून चालू केला. फाइल नाही. म्हणाला, डिस्क लिहिल्याचं सोंग करते, लिहीत नाही. चालू असेपर्यंत सगळं दिसतं, बंद केली की जुनं तेवढंच उरतं. मी त्याला ९४ टक्के दाखवले. तो म्हणाला, ते डिस्कच स्वतःबद्दल सांगते, साहेब. मी विचारलं, मग कोणी सांगायचं? तो झाकण बसवू लागला.

तुमचं दुकान चालावं म्हणून आम्ही चांगल्या वस्तू फेकायच्या का, असंही सुनावलं. तो तोंडातले स्क्रू तोंडातच ठेवून तडक निघून गेला. त्यातला एक आमचा होता.

७ तारीख, शुक्रवार. सकाळी ८.००
दाराच्या फटीतून चिठ्ठी आली. एकच शब्द: ‘बदला’. खाली दुरुस्तीवाल्याची सही.

८.२०
कालचं बोलणं त्याच्या भलतंच जिव्हारी लागलेलं दिसतं. दाराला आतून कडी लावली. सूड घेणारी माणसं सहसा आधी कळवत नाहीत. हा निर्ढावलेला असणार.

८.४५
बायकोला चिठ्ठी दाखवली. ती बराच वेळ हसत होती. घाबरल्यावर काही माणसं हसतात. मग म्हणाली, अहो, डिस्क बदला म्हणतोय तो. हाही एक अर्थ होऊ शकतो. पण मग सही कशाला?

९ तारीख, रविवार
बॅकअप घेतला! डेस्कटॉपवरचं ‘प्रबंध’ नावाचं चित्र उचललं आणि पेनड्राइव्हवर टाकलं. पापणी लवायच्या आत काम फत्ते. सहा वर्षांची मेहनत अवघ्या दोन केबीत मावली. शेवाळ मुळात असतंच केवढंसं. चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण आहे, म्हणजे माल पोहोचला.

पेनड्राइव्हला लेबल लावून कपाटात कुलूपबंद केला. बायकोने विचारलं, उघडून पाहिलंत? म्हटलं, नीट ठेवलेली वस्तू उघडायची नसते, रेकॉर्ड रूमचा हा पहिला नियम आहे.

११ तारीख, मंगळवार
आठवडाभर बायकोची एकही तक्रार नाही. डिस्क सुधारली. सेव्ह शिकवल्याचाही परिणाम असणार. बदलली असती तर बिचारीला सुधारायची संधीच मिळाली नसती. संकल्प: यापुढे घरातले तांत्रिक निर्णय मी एकट्याने घ्यायचे.

१३ तारीख, गुरुवार. संध्याकाळी ५.४०
संगणक चालू होत नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ: डिस्क सापडत नाही. आतच तर आहे! झाकण काढून डोळ्यांनी पाहिली. अजिबात घाबरलेलो नाही. बॅकअप आहे.

बायको कॉलेजातून यायची आहे. संगणकाला विश्रांती दिली आहे, असं सांगणार.

१४ तारीख, शुक्रवार. ऑफिस, १०.५०
पेनड्राइव्ह इथल्या संगणकाला लावला. प्रबंध उघडेना. हेडक्लार्कला बोलावलं. ती म्हणाली, हा शॉर्टकट आहे, प्रबंध कुठे ठेवलाय ते दाखवणारी नुसती पाटी. प्रबंध त्या घरच्या डिस्कवरच.

म्हणजे मी पाच दिवस एक पाटी कुलपात ठेवली होती. किल्ली खिशात घेऊन हिंडत होतो.

१५ तारीख, शनिवार. सकाळी
सांगितलेलं नाही. सहा दिवस उरलेत. भीती वाटते. टेकडीच्या ओल्या खडकांवर ती गुडघे टेकून बसायची, सहा वर्षं, गुडघ्यांना घट्टे पडले. मी सावलीत बसून पिशवी धरायचो आणि ते सगळं माझ्यावर सोपव म्हणालो.

दुपारी ४.००
सांगितलं. डिस्क, पेनड्राइव्ह, पाटी, सगळं. ती सेव्ह करत होती, मीच तिला खोटं पाडलं, हेही म्हणालो.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, चार तारखेपासून मी रोज संध्याकाळी सगळं गाईडबाईंना मेल करते. सकाळी तिथूनच परत घ्यायचं आणि पुढे लिहायचं. गेल्या त्या फक्त तीन तारखेच्या दुरुस्त्या, त्या पुन्हा केल्या. मी विचारलं, चार तारखेपासूनच का? म्हणाली, तुम्ही ‘काळजी करू नकोस’ म्हणालात ना, तेव्हा काळजी वाटली.

मी रडलो. सासूबाईंनी पाणी आणून दिलं.

गेली ती माझी सात वर्षांची रोजनिशी, सगळ्या संकल्पांसकट. बायको म्हणाली, त्यातला एकही वापरलेला नाही, पुन्हा तसेच लिहून काढा.

१७ तारीख, सोमवार. संध्याकाळी ६.३०
ऑफिसातून आलो तर संगणक चालू. दुरुस्तीवाला येऊन गेला. आमचा स्क्रूही देऊन गेला. माझी ‘सेव्ह केलंस का?’ वाली चिठ्ठी काढून तिथे बायकोने तिच्या अक्षरात दुसरी लावली आहे: ‘डिस्क बदलली. आता तुम्ही बदला.’

सुडाचा अर्थ लावून पाहिला. सासूबाईंनाही विचारलं. या वेळी तो बसत नाही.