निखाऱ्यांवरची बाळंतीण

३ डिसेंबर

थावी, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. आता रोजचं रोज लिहितो आणि पानं नोमपेन्हच्या बसवाल्याकडे देतो, म्हणजे तुझ्या धाकट्या बहिणीची सगळी हकिगत तुला तिथे शहरात कळेल. चारियाला मुलगी झाली! नाक थेट तुझ्या आईचं. ताडगूळ आणि सुकी मासळी घेऊन मी होडीतून उतरलो, तर विहीणबाई काठावरूनच ओरडल्या, "व्याही, नात रांगायला लागल्यावर आला असता तरी चाललं असतं!"

जावई सामोलने घराखालच्या खांबांमध्ये बोरीच्या काटेरी फांद्या भरल्या आहेत, नुसत्या मुंडक्याखाली आतडी लोंबवत रात्री उडणारी ती चेटकीण बया बाळंतिणीच्या वासाने वर येऊ नये म्हणून. चारिया बांबूच्या बाजेवर पडून आहे, खाली निखारे, भोवती मंतरलेला दोरा. मिरी घातलेलं डुकराचं मटण खाऊन घामाघूम झाली होती, पण हसत होती. माझा जीव भांड्यात पडला.

५ डिसेंबर

चारिया झोपतच नाही. सारखी बोलते, हसते, मध्येच एकदम गप्प होते. आज बाळाचं डोकं हुंगून म्हणाली, हिला परक्या घराचा वास येतो. विहीणबाई म्हणाल्या, अंगात गारठा शिरलाय, दुसरं काही नाही. त्यांनी निखारे वाढवले. मी दोन इयत्ता शिकलेला माणूस, मला काय कळणार? पण पोरीची पाठ लालबुंद झाली आहे आणि ती साधं हाय म्हणत नाही.

८ डिसेंबर

लस टोचायला येणारी नर्स, नेआरी, आज आली होती. चारियाशी बोलून मला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, बाळंतपणानंतर एखादीच्या मेंदूचा तोल असा अचानक जातो. हा आजार आहे, औषधाने बरा होतो. पण आजच्या आज शहरात न्या, आणि बाळाला तिच्यापाशी एकटं सोडू नका.

विहीणबाई भडकल्या. "वेड्यांच्या दवाखान्यात? मग गावात तोंड कुठं दाखवू? बाजेखालची आग उतरवायचा विधी झाल्याशिवाय बाळंतीण दोऱ्याबाहेर पाय टाकत नाही, कळलं?" सामोल आईच्या तोंडाकडे बघत राहिला. मीही विहीणबाईंचंच ऐकलं. 'हीच ती बया' म्हणून गावं अशा बायकांना हाकलून देतात, कधी जिवंतही ठेवत नाहीत. मी घाबरलो.

९ डिसेंबर

चारिया कानाशी कुजबुजली. बाबा, खालचे काटे काढा. बया माझ्या आत आहे. काट्यांमुळे तिला बाहेर पडता येत नाही.

काढले. हात रक्ताळले. वर येऊन विचारलं, गेली का गं?

म्हणाली, नाही. आता तिला येण्या-जाण्याची वाट झाली.

१० डिसेंबर

विहीणबाई आणि सामोल मांत्रिकाला आणायला नदीपलीकडे गेले. मी पाणी घ्यायला खाली उतरलो होतो, जरासाच— बाळ रडायचं थांबलं— धावलो—

चारियाने बाळाला निखाऱ्यांवर धरलं होतं. अगदी मायेने. म्हणाली, "गारठलीय हो बाबा. मला शेकता, मग हिला नको?"

हिसकावून घेतलं. दुपटं करपलं. पायाला फोड. जिवंत आहे.

बाळ आणि मी तांदळाच्या खोलीत आहोत. कडी लावली. चारिया दाराबाहेर हुंदके देत म्हणाली, बाबा, मी काहीही बोलले तरी दार उघडू नका, तुम्हाला माझी शपथ. ती चारियाच होती, थावी. माझी पोर. ती अजून आहे—

काहीतरी ओढते आहे. निखारे दाराशी आणते. म्हणते, बाबा, तुम्हालाही थंडी वाजत असेल.

धूर. मी ओरडलो. खाली माणसं जमली, हातात कोयते. बया बया म्हणतात. मी सांगतो, आजारी आहे ती, आजारी— कोण ऐकतं—

नेआरीची सायकल दिसली. एवढं लिहून पानं फळ्यांच्या फटीतून तिच्याकडे टाकीन. बाळ मावत नाही फटीतून. थावी, डोक्याचा डॉक्टर घेऊन ये. त्यांनी तिला मारायच्या आधी. येतेस का, लवकर कळव, आजच कळव—

जिन्यावर कोयतेवाल्यांची पावलं. चारिया गोड आवाजात म्हणते, बाबा, मी बरी झाले, उघडा. आणि मी कडीला हात—