आधीच्या फोटोवर

१२ ऑक्टोबर २०२५, पाथर्डी

पोचले एकदाची! नाशिकच्या स्टुडिओनं नारळ दिल्यावर रडत बसले होते, तर कल्याणदादाचाच फोन. म्हणाला, सुकन्या, ये इकडं, माझ्या स्टुडिओतली डार्करूम तुझी. मावसभाऊ असावा तर असा! त्याच्याकडे छापखान्यातली जुनी फिल्म आहे, अक्षरांच्या नकला काढायची. करडा रंग तिला ठाऊकच नाही. काळं, नाहीतर पांढरं. लाल दिव्यात उघडी धुता येते, चित्र उमटताना डोळ्यांनी दिसतं. मी तर जाम खूश. बॅग खांद्यावरच होती, पाणीसुद्धा विचारलं नाही अन् पठ्ठ्यानं दारातच माझा फोटो घेतला. फिल्म पुढे सरकवलीच नाही. म्हटलं, दादा, आधीच्या फोटोवर बसले की मी! म्हणाला, बसू दे.

१५ ऑक्टोबर

ऊसतोडीला निघालेली जोडपी इथं फोटो काढून जातात, घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी. आज आसाराम आणि त्याच्या बायकोचा मी काढला. चेहरे भगभगीत येऊ नयेत म्हणून फिल्म धुण्याचा डेव्हलपर चांगला पातळ केला. टोपीची शिवण, बायकोचं डोरलं, सगळं लख्ख. आसारामचा चेहरा मात्र कोरा. नाक नाही, डोळे नाहीत. दादा म्हणे, ऊन जास्त झालं. अरे, दोघं एकाच उन्हात उभी होती की! मला शिकवतो!

१९ ऑक्टोबर

आसाराम गेला. ट्रॉली उलटली, बायकोला खरचटलंसुद्धा नाही. त्याची आई कडूबाई फोटो मागायला आली. काय देऊ तिला? कोरा चेहरा पदरानं पुसून पाहिला. म्हणाली, ह्या फिलमवर कोरा आला त्यो माघारी येत न्हाई, बाई. दसऱ्याला कल्याणचाबी असाच आल्ता. पर त्यो हाय की ठणठणीत.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सकाळी दादाला ओवाळलं. त्याला उदंड आयुष्य मागितलं. त्यानं वर पाहिलंच नाही.

तो जेवायला गेल्यावर कपाटातला पहिल्या दिवशीचा रोल धुतला. एकाच फ्रेमवर दोघं. खाली दादा, मिशीचा केस न् केस दिसतोय. त्याच्यावर मी, बॅगेसकट. माझा चेहरा —

विचारलं. रडत कबूल झाला. आपला फोटो कोरा आला की लगेच दुसरा काढायचा, अन् तो न धुता त्याच्यावर रक्ताचं माणूस घेतलं की आपलं मरण त्या माणसावर उतरतं म्हणे. त्यासाठीच बोलावलं. मला! राखी बांधते रे मी तुला, मेल्या!

संध्याकाळी

मोबाईल चेहरा ओळखत नाही. पुसून पाहिला. पुन्हा —

जुन्या फोटोंतसुद्धा. आईच्या कडेवर, शाळेत, सगळीकडे कोरी.

कडूबाई आली होती. माझ्याकडं बघून विचारते, कोन गं तू?

आयुष्य मीच मागितलं त्याला. माझ्याच हातानं ओवाळून —

दार बाहेरून लावलंय. दादा कुणाला तरी फ्रेमचं माप सांगतोय. हारही.

फोटो कुठला लावशील रे, दादा? दोघांच्या फोटोत चेहरा तुझाच आहे, माझा तर —