दाराची कडी

दादा,

तू शेती सोडून गोदामात नोकरीला लागलास, त्याला तीन वर्षं झाली. जाताना म्हणालास, "माझंच चुकलं. भातात बदकं सोडायचं खूळ माझं. रोग आला नि सगळी गेली."

रोग आला नव्हता.

त्या आठवड्यात तू वहिनीबरोबर दवाखान्यात होतास. भातावर कीड दिसली आणि माझा धीर सुटला. तू नेहमी सांगायचास, चार दिवस थांब, बदकं खातील, बांधावरचे पक्षी खातील. मला दम निघाला नाही. शेजाऱ्यांचा पंप आणून मी संध्याकाळी औषध फवारलं आणि खुराड्याला कडी घालायला विसरले. सकाळी दार ढकलून रांगेनं शेतात जायचं, हे तूच बदकांना शिकवलं होतंस. ती तशीच गेली. तेवीसच्या तेवीस.

तू परत येऊन एकेकाला खड्ड्यात ठेवत होतास, मी वरून माती लोटत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आता मी तुझ्याच पद्धतीनं शेती करते. बांधावर झाडोरा राखलाय, गोठ्यातलं शेण शेतातच जिरवते, बदकंही परत आणलीत. भात छान आलाय. कुणाकडून शिकलीस असं कुणी विचारलं, की तुझं नाव सांगते आणि विषय बदलते.

हे पाचवं पत्र. आधीची चार बियाण्याच्या डब्यात आहेत, हेही तिथंच जाईल. काल फोनवर तू म्हणालास, "बदकांना जप गं. रोग सांगून येत नाही."

मी म्हणाले, "हो दादा, जपते."

तुझी,
ठमी