दादाच्या बटणासाठी

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच — ‘कमांड नॉट फाउंड’. संगणकाला काल एमफोर नावाचं अवजार सापडत नव्हतं, आज बायसन नावाचं.

दादासारखी माणसं एकत्र राहतात त्या आपल्या केंद्रातून थेरपिस्टबाईंनी दादासाठी एक जुना संगणक आणि बोटाने दाबायचं बटण आणून दिलंय. पडद्यावर अक्षरं सरकतात, हवं ते आलं की बटण दाबायचं. पण ते बटण ओळखणारी सिस्टीम आता तयार मिळत नाही, नुसता तिचा मूळ कोड मिळतो. म्हणजे घरीच बांधायची. बांधताना ती एकेका अवजाराला नावाने हाक मारते. एकाने ओ दिली नाही की काम ठप्प.

आजारात दादाची वाचा गेली, त्याला वर्ष होत आलं. हातापायांतलं आता उजव्या हाताचं एकच बोट हलतं. डॉक्टर म्हणाले, “तेही किती दिवस, सांगता येत नाही. काय ते लवकर करा.”

४ मार्च

बायसन घातलं. गाडी पुढे सरकली आणि ‘मेकइन्फो’पाशी अडली. या नावाचं पॅकेज कुठेच नाही. पार वैतागले. शेवटी कळलं — ते टेक्सइन्फो नावाच्या पॅकेजच्या पोटात असतं. नाव एकाचं, घर दुसऱ्याचं.

५ मार्च

काही झालं नाही. नुसती चिडले.

६ मार्च

आई दादाला भरवत होती. म्हणाली, “एवढा खटाटोप कशाला? त्याला काय हवं ते मला त्याच्या डोळ्यांत दिसतं.”

तेवढ्यात दादाने मान फिरवली.

“पोट भरलं त्याचं,” आई म्हणाली.

“किंवा आवडलं नसेल.”

“आवडलं कसं नसेल? माझ्या पोटचा आहे तो.”

दादा माझ्याकडे बघत होता. मला काही वाचता आलं नाही, खरं सांगायचं तर.

८ मार्च, शनिवार

टेक्सइन्फो घातलं, तरी मेकइन्फो नाहीच म्हणे! फाइल तर समोर दिसतेय. ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या बुवाला फोन केला.

“घातलंस कुठे?” त्याने विचारलं.

“माझ्या फोल्डरमध्ये.”

“मग बरोबर. तू डबा ठेवलास माळ्यावर, आणि संगणक शोधतोय फडताळात. पाथमध्ये, म्हणजे कुठे कुठे शोधायचं त्या यादीत, ती जागा लिही.”

एक ओळ लिहिली. चालू झालं. स्वतःच्याच डोक्यात टपली मारून घेतली.

११ मार्च

सिस्टीम बांधून झाली. संगणक सुरू झाला, बटण जोडलं. दादाने दाबलं आणि पडद्यावर ‘ग’ उमटला. मग खोडला. पुन्हा ‘ग’. पुन्हा खोडला. आई दारात उभी राहून बघत होती. “गंमत करतोय,” म्हणाली आणि डोळे पुसले. दादा बऱ्याच दिवसांनी हसला.

१२ मार्च

आज पूर्ण वाक्य. मीच मोठ्याने वाचलं — ‘मला बाईंच्या केंद्रात राहायचंय.’

आईने विचारलं, “इथे काय कमी आहे रे?”

पडद्यावर अक्षरं सरकू लागली. मग एकेक अक्षर आलं — ‘मित्र.’

आई सवयीने त्याच्या अंगावर चादर ओढायला वाकली. मध्येच थांबली.

“हवी का?” तिने विचारलं.