पाचच्या घरातला दिवा

मंगळवार, १२ तारीख
सकाळ, तुझ्याच स्वयंपाकघरातून

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही दोघं बरी असाल असं लिहायची पद्धत आहे, पण आत्ताच तुम्ही पट्टी बदलायला दवाखान्यात गेलात आणि जाताना भावोजींच्या शर्टाची बटणं तू लावलीस, हे मी बघितलंय. त्यामुळे ते वाक्य राहू दे.

माझं सगळं बदललं तो क्षण अपघाताचा नाही. त्याच्या जरा आधी भावोजींनी मशीनच्या पलीकडून मला एक प्रश्न विचारला होता, तो. मी एका शब्दात उत्तर दिलं. ते लिहायलाच बसलोय. आधी बाकीच्या बातम्या देतो, म्हणजे हात सैल होईल.

दूध तापवून झाकून ठेवलंय. तुझी निळी ओढणी बादलीत रंग सोडत होती, ती वेगळी काढली. वरच्या काकू येऊन गेल्या. "तुझ्यासारखा भाऊ सगळ्यांना मिळो, तू लाल बटण दाबलंस म्हणून हात तरी राहिला," म्हणाल्या. मी त्यांना चहा केला. शनिवारपासून मी या वाक्यावर लोकांना चहा पाजतोय. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास तेव्हा मी डोकं काढून घेतलं. तुला वाटलं लाजलो.

मशीन थांबवायचं लाल बटण मी दाबलं हे खरं आहे. पण गोष्ट तिथून सुरू होत नाही.

कॉलेज सोडून आलो तेव्हा तू महिनाभर माझ्याशी धड बोलली नव्हतीस. माझ्या वर्गातली ती, जिच्यासाठी मी वेडा होतो, तिला सर सगळ्यांसमोर टाकून बोलले म्हणून मी मध्ये पडलो, जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. मध्ये पड असं तिने सांगितलंच नव्हतं, हे तू तेव्हाही म्हणालीस, तीही म्हणाली. दोघींवर सारखाच भडकलो. फक्त भावोजी काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या सोमवारी मला कारखान्यात घेऊन गेले आणि पॅनलसमोर उभं करून म्हणाले, "साल्या, इथे आपटायचं नाही. इथे हळूच दाबायचं."

मी म्हटलं, "शिवी कशाला देता?"

"शिवी कुठे दिली? बायकोच्या भावाला काय म्हणतात, विचार तुझ्या बहिणीला."

शनिवारी पुठ्ठा कापायच्या प्रेसचं इनपुट मॉड्यूल बदलायचं होतं. आम्ही त्याला कार्डच म्हणतो. तुला कळेल असं सांगतो. मशीनवर जागोजागी स्विच असतात. दार बंद आहे, ताटात पुठ्ठा आहे, असं प्रत्येक स्विच एका वायरीतून या कार्डाला कळवतो. कार्डावर प्रत्येक वायरीचं एक घर आणि घरावर एक बारीक हिरवा दिवा. मशीनला स्वतःला डोळे नाहीत. कार्ड सांगेल ते खरं.

जुन्या कार्डाची घरं एकपासून मोजायची, नव्याची शून्यापासून. भावोजींनी बजावलं होतं, "वायरीवर जो आकडा असेल त्यातून एक वजा कर. पाचची वायर चारच्या घरात, सहाची पाचच्या. कंटाळा आला तर उठ, पाणी पी, पण अंदाजाने खोचू नकोस."

पहिल्या चार वायरी नीट बसवल्या. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. तिचा निरोप होता, 'गेटवर आहे. पाच मिनिटांत बस आहे.' दोन महिन्यांनी, ताई. माझ्या हाताने पाचची वायर सरळ पाचच्या घरात खोचली. सहाची हातात उरली, चारचं घर रिकामं दिसलं, तिथे बसवली. पुढच्या वायरी परत बरोबर लागल्या. वीज दिली, सगळे दिवे लागले. हिरवीगार रांग. मला तेव्हा ती फार देखणी वाटली.

पाचची वायर पुठ्ठ्याच्या ताटाची. सहाची दाराची.

तपासायची रीत अशी की एकेक स्विच हाताने सोडायचा आणि त्याचाच दिवा विझतो का बघायचं. दार उघडलं की पाचच्या घरातला दिवा विझला पाहिजे. भावोजी पलीकडे बसून कागद भरत होते. त्यांनी विचारलं, "दार बघितलंस का रे?"

मी म्हटलं, "बघितलं."

ताई, मी दिवा लागलेला बघितला होता. शनिवारपासून मी स्वतःला हेच सांगतोय, की तसा मी खोटं बोललो नाही. पण लागलेला दिवा कुणीही बघतो. आमच्या कामात विझलेला बघायचा असतो.

भावोजींनी सही केली आणि मी गेटकडे पळालो. ती माझा ड्रॉइंगचा डबा परत द्यायला आली होती. एवढ्यासाठीच. "घरात पडून होता, तुला लागेल," म्हणाली. मला कशाला लागेल, असं ओरडून मी डबा रस्त्यावर टाकला. तिने तो उचलून माझ्या हातात दिला आणि बसमध्ये चढली. मी तणतणत परत आलो.

तोवर प्रेस चालू करून बघत होते. पुठ्ठ्याचा एक तुकडा अडकला म्हणून भावोजींनी दार उघडलं, दार उघडलं की मशीन थांबतंच या भरवशावर हात आत घातला. मशीनला वाटलं ताट रिकामं झालं. ते थांबलं आणि पुठ्ठा टाका सांगणारा पिवळा दिवा लागला; तो नुसती सूचना, हिरवं बटण दाबलं की मशीन तरीही चालतं, अडतं ते फक्त दार उघडं असेल तर. पलीकडच्या ऑपरेटरला ना दार दिसत होतं ना भावोजी. त्याने पिवळा दिवा बघून पुठ्ठ्याची थप्पी टाकली आणि हिरवं बटण दाबलं. ताटात पुठ्ठा होता, म्हणून मशीनला दार बंद वाटलं आणि भावोजींचा हात आत असतानाच ते चाललं.

मी लाल बटणापाशी होतो कारण मला तिथून पुढे जायचं नव्हतं. रडवेलं तोंड घेऊन भावोजींसमोर कसं जायचं, म्हणून तिथेच रेंगाळत होतो. शूरपणा एवढाच.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. वायरी उलटसुलट सापडल्या. कारखान्यातले म्हणतात, जुन्या माणसाचा निष्काळजीपणा, सही त्याचीच आहे, काढून टाका. भावोजींनी स्वतःच्या नावाने लिहून दिलंय, 'कार्ड मीच बसवलं आणि मीच तपासलं.' रविवारी तू औषधं आणायला गेलीस तेव्हा मी त्यांना म्हटलं, मी सांगतो. ते डाव्या हाताने चादर सारखी करत म्हणाले, "तू बघितलं म्हणालास, मी ऐकलं. ऐकून सही करायची नसते, हे मला माहीत होतं. तुझं अजून सगळं व्हायचंय. आणि ताईला बोलायचं नाही, शपथ आहे." मग हसून म्हणाले, "दोन बोटं गेली, मोजायला आठ पुष्कळ. तसंही आता शून्यापासून मोजतात."

मी हसलो, ताई. तिथे बसून हसलो आणि गप्प राहिलो. वायर चुकली ती एकदा. गप्प मी रोज राहतोय.

काल तिला फोन केला. लाल बटणाची गोष्ट मीठमसाला लावून सांगितली, वाटलं आता तरी ती हळहळेल. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दार कुणी तपासलं होतं?" मी फोन ठेवला. एवढी वर्षं मला वाटायचं की तिला माझी कदर नाही. तिने नेमकं तेवढंच विचारलं जेवढं विचारायला हवं होतं.

आज अकराला कारखान्यात अपघाताबद्दल बैठक आहे. मी जातोय. कार्ड मी बसवलं, दार उघडून न बघता बघितलं म्हणालो, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. आवाज चढवणार नाही, टेबलावर काही आपटणार नाही. ते मला काढतीलच. भावोजींना ठेवतील की नाही, ठाऊक नाही. त्यांची शपथ मोडतोय. ते रागावतील, तू त्यांच्यापेक्षा जास्त रागाव. घरात घेऊ नये वाटलं तर घेऊ नकोस. पण काकूंना सांग की तो चहा फुकट गेला.

तोंडाने सांगायला आलो असतो तर तू रडली असतीस, मी चिडलो असतो आणि गोष्ट भलतीकडेच गेली असती. म्हणून हे पत्र. साखरेच्या डब्याखाली ठेवतोय, भावोजींच्या आधी तुझाच हात तिथे जातो.

किल्ली शेजारी दिली आहे. आता उठतो. बाहेर पडून दार ओढून घेईन, आणि लागलं असं नुसतं वाटून निघणार नाही. एकदा ढकलून बघेन.

तुझाच,
भावोजींचा साला