सात पिढ्यांची वही आणि ट्रेमधला चहा

॥ श्री ॥
कासार आंबोली, ता. मुळशी
कोजागिरीचा दुसरा दिवस

आदरणीय व्याहीसाहेब शरदचंद्रराव यांना भिकाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. (हात साबणाने धुतलेले आहेत, काळजी नसावी.) पत्र वाचून फाडलंत तरी चालेल, पण वाचायच्या आधी फाडू नये, एवढी पहिली विनंती. गुडघा कसा आहे? विहीणबाईंची साखर उतरली का? परभणीचं ऊन काय म्हणतंय? हे सगळं फोनवरच विचारणार होतो, पण चार महिने झाले, तुम्ही माझा फोन उचलत नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता.

आपली नात गौतमी बरी आहे. रोगाशी लढायची ताकदच तिच्या रक्तात कमी आहे, हे जूनमध्ये तुमच्यासमोरच कळलं. तेव्हापासून दर चार आठवड्यांनी तिला पुण्याला नेऊन शिरेतून औषध देतात. तीन-चार तास पलंगावर बसून ती नर्सबाईंकडून हत्तीची चित्रं काढून घेते आणि हत्ती बिघडला की परत काढायला लावते. औषधाचा गुण आहे. चार महिन्यांत एकदाही न्यूमोनिया झाला नाही. ती निवांत आहे, मीच भित्रा झालोय. पोरगी नुसती शिंकली तरी मला रात्रीचं जेवण जात नाही.

या भीतीपायी मी काय काय केलं ते ऐका. तीस वर्षं पौडच्या गाडीवर कंडक्टरकी केली, "पुढे सरका, आत जागा आहे" म्हणत माणसं कोंबली. आता फाटकाशी खुर्ची टाकून माणसं अडवतो. शेजारी नळ, साबण आणि पंचा. तुमच्या जावयाचे, इंद्रजितचे साहेब हिंजवडीहून भेटायला आले, त्यांना दोनदा हात धुवायला लावले. (एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना. दुसऱ्यांदा का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं.) डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हात धुवा, सर्दीवाल्याला लांब ठेवा, बाकी पोरीला खुशाल खेळू द्या. त्यातलं "बाकी"च्या पुढचं मी ऐकलंच नाही. शेजारची चंद्राबाई, ऐंशी ओलांडलेली, नाक ओढत पोरीची पापी घ्यायला आली, तिलाही अडवलं. ती म्हणाली, "आरं भिक्या, तुजं नाक म्या पदरानं पुसलंय, आन मलाच हात धुवाया सांगतुयास व्हय?" धुतले तिने हात, पण नाकही माझ्याच पंचाला पुसलं आणि आल्या पावली घरी गेली. पंचा मी तीनदा उकळला.

आता मुद्द्यावर येतो. (येतच होतो, गाडी जरा घाटाने आणली.) त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात, तुमच्या आणि उत्कर्षाच्या देखत मी म्हणालो होतो, "आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं." तुम्ही पिशवी उचललीत आणि परभणीची गाडी धरलीत. उत्कर्षा दुसऱ्या दिवसापासून मला ट्रेमधून चहा देऊ लागली. कपबशी, दोन बिस्किटं आणि "घ्या". त्याआधी स्वयंपाकघरातून हाक यायची, "आबा, उकळलाय, गाळून घ्या." सून सासऱ्याला ट्रेमधून चहा देऊ लागली की त्याने समजावं, आपण या घरात पाहुणे झालो.

तरी माझी खुमखुमी जिरली नव्हती. आमचे चुलते नरहरी यांनी वळणदार अक्षरात लिहिलेली सात पिढ्यांची वही तुम्हाला आठवत असेल. लग्न ठरवताना मी ती तुमच्यापुढे उघडून बसलो होतो आणि तुमच्याकडे तशी वही नाही म्हणून दोन महिने ताणून धरलं होतं. तीच वही पिशवीत घालून मी पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. म्हटलं, बघा, एकही रोगी नाही. बाईंनी ती मन लावून वाचली आणि म्हणाल्या, "आजोबा, सात पिढ्यांत एकही बाई दिसत नाही. एवढी माणसं आली कुठून?" मी म्हटलं, बायकांची नावं लिहायची आमच्यात पद्धत नाही. "आणि लहानपणी गेलेली मुलं?" तीही लिहीत नाहीत, म्हटलं. मग त्यांनी वहीतल्या माझ्या नावावर बोट ठेवून सहज विचारलं, "तुमचं नाव भिकू का ठेवलं?"

शरदचंद्रराव, अडुसष्ट वर्षं हे नाव वागवतोय. सही करताना भिकाजी करून त्याला इस्त्री केली, पण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. भिकू, दगडू, धोंडू ही नावं कुठल्या घरात ठेवायचे, हे आपल्या पिढीला सांगायला नको. जिथे आधीची मुलं जगली नाहीत, तिथे. मी वही मिटून पिशवीत घातली.

गावात येऊन थेट चंद्राबाईकडे गेलो. (तिने दारातच मला हात धुवायला लावले.) ती म्हणाली, "तुज्या आदी तीन गेली. थोरला भैरू, लई ग्वाड पोरगं. चार वर्साचा व्हता, सारखी छाती भरायची त्येची. तू झालास तवा तुज्या आईनं तुला सुपात घालून आमच्या वट्यावर ठिवलं, आन पदर पसरून आमच्याकडनं भीक मागून माघारी नेलं. म्हनून तू भिकू." माझ्या आईने हे मला कधीच सांगितलं नाही. एवढा मोठा झालो, पण त्या वट्यावर बसून रडलो.

भैरूला गौतमीचाच आजार होता, असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. त्या काळी पोरं कशानेही जायची, म्हणतात. पण मागच्या आठवड्यात तपासणीचा कागद आला. दोष दोन्हीकडचा निघाला. एक वाटा इंद्रजितचा, एक उत्कर्षाचा, आणि तो आपल्यात आहे हे दोघांनाही ठाऊक असायचं कारण नव्हतं. बाई म्हणाल्या, यात कुणाची चूक नाही. जिन्यातली चूक मात्र माझी एकट्याची. माझ्या काळजीला बसायला जागा हवी होती, ती मी तुमच्या मांडीवर नेऊन बसवली. मी चुकलो. तुमच्याशी चुकलो आणि तुमच्या लेकीशी त्याहून जास्त.

विहीणबाईंना नमस्कार सांगावा आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं.

आपला,
भिकू (बिनइस्त्रीचा)

ता. क. खरं काम राहिलंच. मी नवी वही केली आहे. माझ्या आईचं नाव, सगुणाबाई, पहिल्या ओळीत. तिच्याखाली भैरू. त्याच्या पाठची चिमा, हे चंद्राबाईला आठवलं. तिसऱ्याचं बारसंच झालं नव्हतं, तिथे "बाळ" लिहिलं. मग मी. गौतमीच्या नावाशेजारचं उजवं पान कोरं सोडलंय, ते तुमच्या घराण्याचं. फोनवर नावं सांगू नका, घेऊन या. बायकांसकट आणि लहानपणी गेलेल्यांसकट. येत्या गुरुवारी तिचं औषध आहे आणि दोन्ही आजोबा पलंगाजवळ हवेत, असं तिने नर्सबाईंना कळवून टाकलं आहे. सर्दी असेल तर पुढच्या खेपेला या. नसेल तर बुधवारीच या. हात एकदाच धुवावे लागतील.

ता. क. दुसरा. तुमचा पिनकोड विचारायला पत्र उत्कर्षाकडे दिलं. (उघडंच दिलं, लबाडी कबूल.) सहा आकडे सांगायला तिला पाऊण तास लागला. मग स्वयंपाकघरातून हाक आली, "आबा, उकळलाय, गाळून घ्या." पहिल्या पानावर जो डाग दिसतोय, तो चहाचा आहे. चार महिन्यांत गाळायची सवय गेली.