सारोळ्याहून आलेला चार्जिंगचा दिवा

भोर, डिसेंबर २००५

अल्ताफभाईंना जहांगीरचा सलाम.

सारोळ्यात सगळी खुशाल असतील आणि तुमचा गुडघा आता वाकत असेल, अशी उमेद धरून लिहितो. तुमच्या बहिणीसाठी, गुलजारबीसाठी, तुम्ही पाठवलेला चार्जिंगचा दिवा पोचला. वीज गेली की तो आपोआप लागतो, असं तुम्ही कळवलं होतंत. लागतो. पण मिक्सर लावायला मी त्याची पिन काढली, तर भर दुपारी लागला. चिडून कपाटात कोंडला, तर तिथं सगळे कपडे उजळून बसला. दुरुस्तीला कापूरहोळला नेताना एसटीत पिशवीतून असा उजेड फाकला, की शेजारची बाई उठून पुढं जाऊन बसली (ती काय समजली, अल्ला जाणे). दुरुस्तीवाला हसला. "चाचा, ह्याला अंधार कळत न्हाई. पिनेतनं करंट यायचा थांबला की ह्यो लागतो. नको तवा बटण बंदवर ठेवा." मी तिथंच बंदवर केलं. घरी येऊन पिन लावली, पण बटण 'ऑटो'वर न्यायचं राहिलं.

त्याच संध्याकाळी गुलजारबी बाळाबाईच्या शिवायला आलेल्या ब्लाउजला हातशिलाई घालत होती, मी शेजारी शेंगा फोडत होतो. (थंडीमुळं पंखा बंदच.) वीज गेली. दिवा ढिम्म. मी त्याला आणि (माफ करा) तुम्हालाही शिव्या घालत उठलो, तो कळशीवर जाऊन आदळलो.

"काय झालं ओ?"

"अगं, लाईट गेलीया न्हाई का!"

सुई थांबली. "कवा?" तिनं विचारलं.

अल्ताफभाई, मी चाचपडत दिव्याचं बटण 'ऑटो'वर केलं. लख्ख उजेड पडला. ती माझ्याकडं बघत होती, पण मी होतो त्याच्या जरा डावीकडं.

मग तिनं सांगितलं. दोन वर्षं नजर कडेकडेनं विझत आली होती. बोटांच्या अंदाजानं शिवत होती, सुईत दोरा शेजारच्या चैत्रालीकडून ओवून घेत होती. मला का बोलली नाहीस, विचारलं, तर म्हणाली, "तुमी शिलाईचं मशीन उचलून ठेवलं असतं." पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. येताना एसटीत ती माझा हात धरून होती.

मशीन आहे तिथंच आहे. दोरा आता मी ओवतो.

तुमचा,
जहांगीर

ता.क. 'मी बरी हाय, भाईला यायची तसदी नको' असं लिहायला तिनं बजावलंय. लिहिलं.

ता.क. दुसरा. येत्या जुम्म्याला या. दारात गप उभे राहू नका. लहानपणी मारायचात तशी हाक मारत या.